विद्यापीठातील चौकशी : दिरंगाई जितकी घातक, घाईही तितकीच

ओडिशातील बालासोर येथील फकीर मोहन महाविद्यालयाच्या एका विद्यार्थिनीने १२ जुलै २०२५ रोजी महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतले. विभागप्रमुखाविरुद्ध छळाची तक्रार करूनही दाद मिळत नाही, असे तिचे म्हणणे होते. दोन दिवसांनी भुवनेश्वरच्या एम्स रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. संबंधित विभागप्रमुख आणि प्राचार्य या दोघांनाही अटक झाली. या घटनेनंतर देशभर टीका झाली ती प्रशासनाच्या उदासीनतेवर, आणि ती रास्तच होती. मात्र विद्यापीठांतील चौकशी केवळ दिरंगाईमुळे फसत नाही. घाईगर्दीनेही ती फसते आणि त्याची किंमत अनेक वर्षांनी, बहुधा तक्रारदारांनाच मोजावी लागते. गोवा विद्यापीठाचे प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

मार्च २००९ मध्ये या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातील विद्यार्थिनींनी विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीने चौकशी हाती घेतली. पुढे आणखी तक्रारी आणि जबाब पुढे येत गेले. मे महिन्यात समितीने कामकाजाला एकदम वेग दिला, आरोपीला पुरेशी मुदत न देता ते एकतर्फी चालवले आणि ५ जून २००९ रोजी अहवाल सादर केला. त्याच्या आधारे विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने २०१० मध्ये विभागप्रमुखाला सेवेतून बडतर्फ केले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची याचिका फेटाळली. येथवर हे प्रकरण तत्पर कारवाईचा नमुना वाटावे असेच होते.

सर्वोच्च न्यायालयात चित्र पालटले. न्या. ए. एस. बोपण्णा आणि न्या. हिमा कोहली यांच्या खंडपीठाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फीचा आदेश रद्द केला. आरोप खरे की खोटे, यावर हा निकाल नव्हता. आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नाहीत, एवढाच त्याचा आधार होता. प्रकरण ५ मे २००९ रोजी जेथे होते तेथून चौकशी पुन्हा सुरू करावी, असा आदेश देण्यात आला. म्हणजे घड्याळाचे काटे चौदा वर्षे मागे फिरवण्यात आले. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनी तेव्हा विशीत असतील, तर २०२३ मध्ये त्या पस्तिशीच्या घरात होत्या. विभाग, वर्ग, परीक्षा सारे मागे पडलेले असताना तोच जबाब पुन्हा देण्याची आणि त्यावरील प्रश्नांना पुन्हा उत्तरे देण्याची वेळ त्यांच्यावर आली. समितीच्या काही आठवड्यांच्या घाईचा भार शेवटी कोणावर पडला, हे वेगळे सांगायला नको.

समितीच्या कामकाजाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. राजस्थानातील साथिन भंवरीदेवी यांच्यावरील १९९२ च्या अत्याचारानंतर दाखल झालेल्या विशाखा याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल दिला आणि प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. तरीही एक अडचण उरली. समितीपुढे सर्व काही सांगून झाल्यावर खातेनिहाय चौकशी वेगळी होई आणि स्त्रीला तीच हकिगत पुन्हा सांगावी लागे. पुण्यातील कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हा दुहेरी फेरा थांबवला. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानला जाईल, असे न्यायालयाने ठरवले. २०१२ च्या अंतिम निकालातही ही भूमिका कायम राहिली.

स्त्रियांच्या दृष्टीने हे मोठेच यश होते. पण त्यासोबत समितीवर न्यायाधिकरणाची जबाबदारीही आली. अहवालावर एखाद्याची नोकरी जाणार असेल, तर आरोपपत्र, जबाबाच्या प्रती, उत्तराला वेळ आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची सोय टाळता येत नाही. हे प्रश्न आरोपीने समोरासमोरच विचारले पाहिजेत असे नाही. ते लेखी घेऊन समितीमार्फतही विचारता येतात, त्यामुळे तक्रारदाराची अवहेलना टळते. मात्र एवढे बारकावे माहीत असायला समिती सदस्यांना प्रशिक्षण लागते. रसायनशास्त्राची प्राध्यापिका किंवा ग्रंथालयातील कर्मचारी यांनी नेमणुकीच्या पत्राबरोबरच पुराव्याचा कायदा अवगत करून घ्यावा, अशी अपेक्षा बहुतेक विद्यापीठे बाळगून असतात की काय, असा प्रश्न पडतो.

नियमांची उणीव नाही. २०१३ च्या कायद्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेले विनियम तपशीलवार आहेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांसारखे वरिष्ठ पदाधिकारी समितीत नसावेत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास लोकशाही पद्धतीने निवडून आलेले तीन विद्यार्थी समितीत असावेत, असे त्यांत नमूद आहे. चौकशी सुरू असताना आरोपीला तक्रारदाराची उत्तरपत्रिका तपासण्यापासून किंवा तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखण्याची तरतूदही आहे. शोधप्रबंधावर ज्याची सही लागणार, त्याच्याच विरुद्ध तोंड उघडणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीसाठी ही तरतूद इतर कोणत्याही तरतुदीपेक्षा मोलाची ठरते.

निवडून आलेल्या प्रतिनिधींचा मुद्दा किरकोळ नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ पासून ‘जीएसकॅश’ ही समिती कार्यरत होती. तिच्यात विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असत. सप्टेंबर २०१७ मध्ये ती बरखास्त करून विनियमांवर बोट ठेवत अंतर्गत तक्रार समिती नेमण्यात आली. विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. प्रशासनाने नेमलेली समिती प्रशासनाच्या निकटवर्तीयाविरुद्ध निर्भयपणे काम करील का, हा त्यांचा सवाल होता. तक्रार करावी की नाही हे विद्यार्थिनी समितीतील चेहरे पाहून ठरवते, हे लक्षात घेतल्यास त्या सवालाचे वजन कळते.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात, असा कायदा आहे. कार्यालयातील कर्मचाऱ्यासाठीही हा अवधी अपुरा ठरू शकतो. विद्यापीठात तर निकाल, शिफारसपत्र किंवा पदवी हाती पडेपर्यंत गप्प राहणे हाच अनेकींना एकमेव सुरक्षित मार्ग वाटतो. कोलकात्यातील राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्ध एका प्राध्यापिकेने डिसेंबर २०२३ मध्ये तक्रार केली. छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ मधील होता. त्यानंतर पदावरून दूर करण्यात आले, हाही छळाचाच भाग असल्याचा तिचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमान्य केला आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. आरोपांच्या खरेखोटेपणाची चौकशी त्यामुळे झालीच नाही. मात्र हा निकाल कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग असावा आणि त्याचे पालन त्यांनी स्वतः काटेकोरपणे करावे, असे निर्देश न्यायालयाने त्याच आदेशात दिले.