‘वॉटरप्रूफ’ फळीची पारख

मैत्रिणींनो, ओट्याखालचं कपाट करायचं ठरलं, की आपण रंग आणि मुठी निवडण्यात रमतो. फळी मात्र सुतार आणि दुकानदार ठरवतील ती! माझंही तसंच झालं. “ताई, एकदम वॉटरप्रूफ आहे,” या शब्दावर विसंबले. दुसऱ्याच पावसाळ्यात सिंकखालची फळी फुगली, थर सुटले. तक्रार घेऊन गेले, तर दुकानदार विचारतो, “बिल कुठंय?” कर वाचवायला आम्ही कच्ची पावतीच घेतली होती!

तेव्हा पैसे देण्याआधी फळीवरचा आयएसआय छाप आणि क्रमांक वाचा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लायवूड आणि आयएस ७१० म्हणजे मरीन. सिंकखाली मरीनच घ्या. महाग पडतं, पण तेवढ्याच फळ्यांना लागतं. कोरड्या खोलीतल्या कपाटाला नको.

शंका असली, तर सुताराकडून लहानसा तुकडा मागून घ्या आणि स्वयंपाकातून बाद झालेल्या पातेल्यात दोन-तीन तास उकळा. थर सुटले, तर ती फळी पाण्याजवळ नको.

बिल पक्कंच घ्या. त्यावर कंपनी, जाडी आणि आयएस क्रमांक लिहून घ्या. दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही आपल्या बाजूने आहे. पण हातात कागद हवा. नाहीतर माझ्यासारखं फुगलेल्या फळीकडे बघत बसावं लागेल!