रोग एक, औषध भलतेच

भुरीवर गंधक धुरळावे, माव्यावर कीटकनाशक फवारावे, करप्यावर बुरशीनाशक वापरावे, हा भेद खेड्यातील सामान्य शेतकऱ्यासही ठाऊक आहे. मावा पडला म्हणून बुरशीनाशक मारून कोणी पैसा दवडीत नाही. परंतु पिकाच्या बाबतीत दिसणारा हा विवेक घरच्या माणसांच्या प्रकृतीच्या बाबतीत पुष्कळदा दिसत नाही. २०२० व २०२१ या वर्षांतील कोविडच्या महामारीत याचा जो अनुभव आला, तो विसरून चालणार नाही.

कोविड हा विषाणूपासून होणारा रोग होय. प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, जीवाणूंचा नाश करतात. विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. असे असूनही अंगात कणकण भासताच दुकानातून ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून घेण्याचा परिपाठ त्या काळात पडला. एकाच्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाइलवरून फिरावे आणि तीच गोळी अनेक घरांत यावी, असे घडले. आरंभी या औषधाविषयी वैद्यकशास्त्रातही काही आशा होती, हे खरे. परंतु ब्रिटनमध्ये घरी उपचार घेणाऱ्या व इस्पितळातील अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांवर मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झाले आणि कोविडवर या गोळीचा लाभ होत नाही असे दिसून आले. दरम्यान, औषधविक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे, भारतात जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत कोविडमुळे प्रतिजैविकांच्या सुमारे २१ कोटी ६० लाख मात्रा जादा खपल्या होत्या. त्यांत डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधेही आली. म्हणजे दोष केवळ रुग्णांचा नव्हे.

‘गोळी घेतली आणि ताप उतरला’ असे अनेक जण आजही सांगतात. परंतु कोविडचे बहुतेक रुग्ण योग्य विश्रांतीने आपोआप बरे होत होते. हवामान पालटताच कीड ओसरते आणि आदल्या दिवशीच्या फवारणीस यश मिळते, त्यातलाच हा प्रकार.

गोळीचा लाभ झाला नाही, तरी तोटा तर नाही ना, असा प्रश्न येथे कोणी करील. तोटा आहे, आणि तो मोठा आहे. माणसाच्या आतड्यात असंख्य जीवाणू नांदत असतात. विनाकारण घेतलेल्या औषधाने त्यांतील दुबळे मरतात व औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात. काही जीवाणूंची संख्या अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होते. शिवाय हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जीवाणूंसही देऊ शकतात. कापूस उत्पादकांस हे नव्याने सांगावयास नको. बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावाव्यात, हा नियम पुष्कळ ठिकाणी पाळला गेला नाही. गुलाबी बोंडअळी बीटीच्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांस त्याचे फळ भोगावे लागले.

ॲझिथ्रोमायसिन हे विषमज्वरावरील, म्हणजे टायफॉइडवरील, महत्त्वाचे औषध आहे. त्या रोगावरील पूर्वीच्या अनेक औषधांचा गुण आपल्या देशात कमी झाला असून, तोंडावाटे घेता येतील अशी थोडीच औषधे आता हाताशी आहेत. दूषित पाण्याने होणारा हा रोग खेड्यास परका नाही. ज्या रोगावर हे औषध चालत नाही त्यासाठी ते वाया घालविणे म्हणजे ज्या रोगावर चालते त्यासाठी ते निकामी करणे होय. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एकाच वर्षी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

तथापि, यासाठी शेतकऱ्यास बोल लावून मोकळे होणे न्याय्य नाही. दवाखाना दूर, एक दिवसाची मजुरी बुडणार, तपासणीचा निकाल उशिरा मिळणार आणि औषधाचे दुकान मात्र जवळ. अशा स्थितीत भ्यालेला माणूस दुकानाकडेच वळणार. तेव्हा तपासणी व वैद्यकीय सल्ला ही जोवर गोळीइतकीच जवळ येत नाहीत, तोवर केवळ उपदेशाने ही सवय सुटणार नाही. ही सोय करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे.

परंतु ती होईपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसावे असे नाही. प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहे, आणि अशा औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ही रेघ ओळखण्यास प्रत्येक घरास शिकवावे. औषधांची नावे मोबाइलवरून पुढे पाठवू नयेत. ताप आल्यास रुग्णास प्रथम आरोग्य उपकेंद्राची वाट दाखवावी. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस औषध घ्यावे आणि उरलेली गोळी शेजाऱ्यास किंवा गोठ्यातील वासरास देऊ नये. जनावरांसही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच प्रतिजैविक द्यावे व त्यानंतर तो सांगेल तितके दिवस त्या जनावराचे दूध डेअरीस घालू नये.

गावच्या विहिरीचे पाणी एकट्याने उपसले, तर ते सर्वांसाठीच आटते. प्रतिजैविकांची शक्तीही अशीच सर्वांच्या मालकीची आहे. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही; पण ती येईल तेव्हा हाताशी गुणकारी औषध असेल की नाही, हे आज घरोघरी होणाऱ्या वापरावर अवलंबून राहील.