काठ लपवायला सांगणारा कोण होता?

दलित आत्मकथनांवर चर्चासत्र असलं की एक निबंध ठरलेला असतो, ‘आत्मकथनांतील प्रतीकसृष्टी’. भाकरी म्हणजे भुकेचं प्रतीक, झोपडी दारिद्र्याचं, पक्षी स्वातंत्र्याचं. टाळ्या पडतात, चहा होतो. आमचा या वाचनाला विरोध आहे. त्यात दुःख तेवढं उरतं, दुःख देणारा पसार होतो.

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घ्या. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आलं. महार बाईने लुगडं नेसताना काठ निऱ्यांत दडवायचा, काठ मिरवणं हा वरच्या जातीच्या बायकांचा हक्क, असं त्या सांगतात. याला ‘दडपलेल्या स्त्रीत्वाचं प्रतीक’ म्हणून मोकळं होता येतं. पण तो काठ म्हणजे गावाचा कायदा होता. कुठे लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ. बाई लांबून दिसली तरी तिची जात कळली पाहिजे, एवढी व्यवस्था त्या चार बोटांच्या काठात होती. आणि बेबीताई गावाशी थांबत नाहीत. आमच्याच घरांत सुनेचा छळ कसा व्हायचा, नवरा बायकोचं नाक कापायलाही कसा कचरत नसे, हेही त्या लिहितात. ही पानं आमच्या काही मित्रांना अडचणीची वाटतात. मग तीही ‘प्रतीक’ ठरवून गुंडाळली जातात. आम्हाला तीच मोलाची वाटतात. गावाने दाबलेल्या पुरुषाने घरात कोणाला दाबलं, याचा हिशोब दुसऱ्या कोणी मांडला होता?

आता आमच्या मराठवाड्याकडे या. इथे दरवर्षी १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपल्याचा सोहळा होतो. व्हायलाच हवा. पण नागसेनवनात शिकलेल्या आणि तिथेच शिकवलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ वाचा. आईबाप गेलेलं पोर बहिणीच्या आसऱ्याला वाढतं, पोटासाठी दारोदार होतं. निजाम गेला, पण पाटलाचा वाडा आणि महारवाडा यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं. या पुस्तकाच्या नावातल्या पक्ष्यांना आकाश जोडणाऱ्यांनी कधी खळं पाहिलं आहे का? आम्हाला तो पक्षी दुसऱ्याच्या खळ्यावर दाणे टिपणारा आणि गोफणीला भिऊन उडणारा दिसतो.

हे पुस्तक १९७९ चं. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत आमची घरं जळाली. तेव्हा शहाणी मंडळी सांगत होती, नाव काय, नुसतं प्रतीक. नोकऱ्या मागा, जमिनी मागा. नुसत्या प्रतीकासाठी कोणी दुसऱ्याचं घर जाळतं का? १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षं, त्या नावासाठी लढावं लागलं. म्हणजे आम्ही प्रतीकांच्या विरोधात नाही. प्रतीकाची किंमत कोणी वसूल केली आणि कोणी चुकवली, ते सांगा, एवढंच आमचं म्हणणं.

आत्मकथनं शिकवणाऱ्या प्राध्यापकांना म्हणून एक सूचना. ‘प्रतीक स्पष्ट करा’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा: ही सक्ती कोणाची होती, आणि मोडली तर शिक्षा काय होती? वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरी आजी आहे. तिला विचारून या म्हणावं.