उसन्या बळाचे भाई

कर्जत लोकल बदलापूर सोडते, डबा मोकळा होतो आणि गप्पांना बसायला जागा मिळते. क्रिकेट झालं, राजकारण झालं की एक विषय हमखास निघतो: जगातला सगळ्यात मोठा डॉन कोण? एकजण एस्कोबारचं नाव घेतो. दुसरा म्हणतो, दाऊदपुढे तो कोण लागून गेला? वेब सिरीज पाहून आलेला तिसरा मेक्सिकोच्या एल चापोला पुढे करतो. नेरळ येईपर्यंत पैसा, खून, पलायनं असे गुण मांडून क्रमवारी लागलेली असते.

करमणूक म्हणून याला कोणाची हरकत नाही. पण ही मोजपट्टी साफ खोटी आहे. कर्जत-खालापूरच्या माणसाने ती वापरणं तर अंगाशी येणारं आहे, कारण दाऊदच्या कराचीकडे आणि एस्कोबारच्या मेडेयिनकडे डोळे लावून बसलं की स्वतःच्या तालुक्यात चाललेलं दिसेनासं होतं. माझं म्हणणं सरळ आहे. टोळीच्या म्होरक्याचं बळ त्याचं स्वतःचं नसतं. ते कायद्याच्या रखवालदारांकडून उसनं घेतलेलं असतं. म्हणून मोठा कोण हे विचारण्यापेक्षा कोणाच्या जोरावर मोठा, हे विचारावं.

आधी पैशाचा दावा पाहू. ज्याची कमाई जास्त तो बलवान, हे ऐकायला पटतं. पाब्लो एस्कोबारचं नाव १९८७ पासून ‘फोर्ब्स’च्या अब्जाधीशांच्या यादीत होतं. त्याच एस्कोबारचा शेवट २ डिसेंबर १९९३ रोजी मेडेयिनमध्ये एका घराच्या कौलांवर झाला, आणि सोबतीला उरला होता एकच अंगरक्षक. त्याचं खरं बळ कधी होतं? १९८२ मध्ये तो संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला तेव्हा, आणि १९९१ मध्ये सरकारने त्याला त्याच्याच सोयीने बांधलेल्या तुरुंगात ‘कैदी’ म्हणून राहू दिलं तेव्हा. सरकारने हात काढून घेतला आणि अब्जावधी डॉलर तिथेच कुठेतरी पडून राहिले. शिकागोचा अल कपोन १९३१ मध्ये अडकला तो खुनात नव्हे, आयकर बुडवल्याच्या खटल्यात. शिक्षा अकरा वर्षांची. शहरातले पोलीस खिशात घालणाऱ्याला हिशेबाच्या वह्यांनी लोळवलं, कारण त्या वह्या तपासणारे त्याच्या खिशात नव्हते. पैशावरून धंद्याचा पसारा कळतो, सत्तेचा नाही.

दुसरा दावा रक्ताचा. ज्याने जास्त माणसं मारली तो मोठा. सिसिलीच्या तोतो रीनाने १९९२ मध्ये फाल्कोने आणि बोर्सेलिनो या दोन न्यायाधीशांना अवघ्या दोन महिन्यांत बॉम्बने उडवलं. क्रमवारीवाल्यांच्या लेखी हा त्याचा कळस. प्रत्यक्षात तो अंताचा आरंभ होता. लोक रस्त्यावर उतरले, रोमला गप्प बसणं परवडेना आणि जानेवारी १९९३ मध्ये रीना पालेर्मोतच पकडला गेला. त्याच्यामागून आलेल्या प्रोव्हेन्झानोने बॉम्ब बंद केले, टंकलिखित चिठ्ठ्यांवर कारभार चालवला आणि तो आणखी तेरा वर्षं सापडला नाही. सापडला तेव्हा त्याचं फरारीपण त्रेचाळीस वर्षांचं झालं होतं आणि ठिकाण होतं कॉर्लेओने या स्वतःच्या गावाजवळचं एक शेतघर. फरारी माणूस स्वतःच्या गावाशेजारी राहतो, याचा अर्थ तो लपण्यात पटाईत आहे असा नाही. बघणाऱ्यांनी न बघायचं ठरवलेलं असतं.

याच मापाने आपला जिल्हा तपासा. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यासाठीचं आरडीएक्स उतरलं आपल्याच रायगडात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला. त्याआधी दिघीच्या बंदरात शस्त्रांचा माल उतरला होता. लोक याला दाऊदच्या ताकदीचा पुरावा मानतात. मी याला आपल्या चौक्यांच्या दुबळेपणाचा पुरावा मानतो. माल समुद्रातून किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून डोंगररस्त्याने मुंबईकडे गेला तो कोणाच्या शौर्यामुळे नव्हे. वाटेत हात पसरणारे होते म्हणून गेला. विशेष टाडा न्यायालयाने या खटल्यात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरवले. १९९३ मध्येच केंद्राने नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि सरकारी यंत्रणा यांच्या साट्यालोट्यावर बोट ठेवलं. म्हणजे निदान झालं होतं. आपण मात्र रोग्याच्या शरीरयष्टीचं कौतुक करत बसलो.

तिसरा दावा परदेशातून राज्य चालवण्याचा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आपण दिग्विजयी समजतो. पण परदेशात बसायचं तर तिथल्या सरकारची मेहेरनजर लागते. ती मेहेरनजर म्हणजे पुन्हा उसनं बळ, फक्त सावकार बदललेला. इकडे दाऊदच्या नावाचं काय झालं ते खेड तालुक्यातल्या मुंबके गावात दिसतं. दाऊदच्या कुटुंबाच्या तिथल्या जमिनी सरकारने जप्त करून लिलावात काढल्या. जानेवारी २०२४ मध्ये १५,४४० रुपये राखीव किमतीचा एक छोटा तुकडा २ कोटी १ लाखाला गेला, आणि त्याच लिलावात दोन तुकड्यांना बोलीच आली नाही. एका जागेचं भलतं मोल होतं आणि बाजूच्या जागेकडे कोणी फिरकत नाही. हे सगळं नावाचं गारूड आहे. जमीन तीच, कोकणातली.

चौथा दावा जरा वजनदार आहे, म्हणून त्याला झटकून चालणार नाही. भाई गरिबाचा कैवारी असतो, असं लोक मनापासून सांगतात. त्यात तथ्य आहे. एस्कोबारने झोपडीवाल्यांसाठी घरं बांधली. १९९५ च्या भूकंपानंतर कोबेत याकुझांनी अन्न वाटलं. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची चूल विझली, त्या पोकळीत टोळ्यांनी पोरांना काम आणि वट दिली. दगडी चाळीतून अरुण गवळी २००४ मध्ये विधानसभेत पोहोचला तो मतं घेऊनच. आणि खालापुरातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा. वाटणीचा दावा आजोबाने लावलेला असतो, तारखा नातू घेत असतो. भाई तोच तंटा दोन बैठकींत मिटवतो. मग लोकांनी जायचं कुठे?

पण हा कैवार कशावर चालतो ते पाहा. संरक्षण विकणाऱ्याला असुरक्षितता टिकवावी लागते. बांधाचे तंटे संपले तर बैठकीला कोण येईल? आज तुमच्या बाजूने बसलेला भाई उद्या जास्त देणाऱ्याच्या बाजूने बसतो आणि त्या निकालावर अपील नसतं. त्याच गवळीला २०१२ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. कोर्ट संथ आहे हा कोर्ट सुधारण्याचा मुद्दा झाला. त्याने भाई न्यायाधीश होत नाही.

उरला शेवटचा दावा: चकमकी झाल्या, मोक्का आला, अंडरवर्ल्ड संपलं, आता हा इतिहास. इतिहास? डिसेंबर २०२३ मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळ ढेकू गावात एका कारखान्यावर छापा घातला आणि शंभर कोटींच्या वर किमतीचं मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं. २०२५ मध्ये मुंबई पोलिसांनी कर्जत तालुक्यातल्या एका फार्महाउसवर असाच कारखाना उघडकीला आणला. वरवर सांगायला तिथे शेळीपालन होतं. या दोन्ही धंद्यांच्या मागे कोणता डॉन, हे लोकलच्या डब्यात कोणाला सांगता येईल? एकालाही नाही. नाव गेलं, धंदा राहिला. आणि हा माल डोंगराआड दडलेल्या कुठल्या दुर्गम गुहेत बनत नव्हता. इथून द्रुतगती मार्ग हाकेच्या अंतरावर आहे. शेळ्यांना रसायनांचे ड्रम कशाला लागतात, रात्री वास कसला येतो, हे प्रश्न गावात कुजबुजले जातातच. विचारण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते विचारतात का, एवढाच मुद्दा आहे.

आता माझी मोजपट्टी मांडतो, आणि ती जमिनीवरच मांडतो, कारण कर्जत-खालापुरात बळाची खरी परीक्षा तिथेच होते. मुंबई-पुण्याच्या मध्ये असणं हे या दोन तालुक्यांचं भाग्य आणि दुर्दैवही. द्रुतगती मार्ग झाला, ‘नैना’चे, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे, नकाशे निघाले, फार्महाउसांच्या जाहिराती लागल्या आणि वरकस माळालाही भाव आला. त्यानंतरचा प्रकार कसा घडतो, ते सगळ्या गावाला पाठ आहे. म्हातारा वारतो, वारसनोंद व्हायची राहते. लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या नावाचं एक कुलमुखत्यारपत्र कुठूनतरी उगवतं. त्यावर साठेकरार होतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, पण ती ज्याच्या हाती पडायला हवी त्याच्या हाती पडत नाही. मग एका रात्री जेसीबी येतो. सकाळी सिमेंटचे खांब, काटेरी तार, एक पत्र्याची केबिन आणि केबिनपाशी खुर्ची टाकून बसलेली दोन अनोळखी पोरं. शेतकरी धावत पोलीस ठाण्यात जातो. तिथे उत्तर मिळतं: हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.

भाईचं सगळं बळ या एका उत्तरात आहे. केबिनपाशी बसलेल्या पोरांत नाही, त्यांच्या कमरेला काही असलं तर त्यातही नाही. ‘दिवाणी आहे’ असं म्हणत अतिक्रमणाची, बनावट दस्ताची, धमकीची फौजदारी तक्रार न घेणारा हात त्याला हवा असतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही, असा कायदा आहे. तरीही ठाकरवाडीच्या, कातकरीवाडीच्या भोवती कुंपणं पडतात. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं होतं.

कोणी म्हणेल, सगळेच सरकारी नोकर विकले गेलेत का? मुळीच नाही. एकेका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजा असतात. नोटीस बजावायला माणूस नसतो, आणि जो आडवा जातो त्याच्या बदलीची सोय वरून होते. काही मौन पैशाचं असतं, काही भीतीचं, काही निव्वळ थकव्याचं. भाईला फरक पडत नाही, त्याला मौन हवं. याने भाईचा गुन्हाही हलका होत नाही. उसनं घेणारा दोषी आहेच, देणाराही आहे.

म्हणून कोणाही म्होरक्याला तीन प्रश्न लावावेत. त्याच्या परवानगीवाचून आपल्या भागात कोणता व्यवहार अडतो: जमीन, भराव, भंगार, कामगारांचं कंत्राट? तो व्यवहार अडवायला किती सरकारी माणसांना गप्प बसावं लागतं? आणि तो उद्या तुरुंगात गेला तर त्याची खुर्ची किती दिवस रिकामी राहते? या मापाने पाहिलं तर कोणाला नावही माहीत नसलेला तालुक्याचा भाई तुमच्यावर एस्कोबारपेक्षा जास्त सत्ता गाजवतो.

हे उसनं बळ परत घेता येतं, ही मनाची समजूत नाही. जपानमध्ये साठच्या दशकात याकुझा पावणेदोन लाखांवर होते, टोळीच्या कार्यालयावर पाटी असायची. १९९२ पासून टोळीविरोधी कायदा लागू झाला, २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत टोळीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना जाब विचारणारे नियम आले. बँक खातं उघडेना, भाड्याने घर मिळेना. आज ते वीस हजारांच्या आत आले आहेत. इटलीने १९९६ मध्ये कायदा केला की माफियाची जप्त मालमत्ता समाजाच्या उपयोगाला द्यावी. आज कॉर्लेओनेच्या परिसरात जप्त जमिनींवर सहकारी संस्था शेती करतात.

आपल्याकडेही हत्यार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत खंडणी आणि अमली पदार्थांबरोबर जमीन बळकावणंही घातलं आहे. तेव्हा टोळी बांधून, वारंवार कुंपण घालणाऱ्याला ‘दिवाणी’च्या आडोशाला बसवण्याचं कारण उरत नाही. गावकऱ्यांनी आपापले सातबारे वर्षातून एकदा तरी उघडून पाहावेत, मेलेल्यांच्या वारसनोंदी रखडवू नयेत, फेरफाराची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलीच पाहिजे असा ग्रामसभेत ठराव घ्यावा, आणि तक्रार लेखी देऊन तिची पोच मागावी. सरकारने जप्त केलेली फार्महाउसं लिलावात कोणा हौशी श्रीमंताला विकण्याऐवजी तालुक्यातल्या आश्रमशाळेला किंवा महिला बचत गटाच्या संघाला द्यावीत. ज्या गेटमधून आत डोकवायला गाव घाबरत होतं, तिथे गावातल्या बायका पगारावर कामाला जातील, तेव्हा पुढच्या भाईला कोणी उधार देण्यापूर्वी दहादा विचार करेल.