हुबेहूब!

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात रहिवाशांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. पार्किंगमध्ये दोऱ्या ताणून, कपड्यांचे चिमटे लावून चित्रं टांगली होती. पेन्सिलीतला अमिताभ होता, तेलखडूतल्या लता मंगेशकर होत्या, तीन अब्दुल कलाम होते, कुणाचे आजोबा, कुणाची तान्ही नात आणि बी विंगमधला एक पामेरियन कुत्रा होता. मंडळी हातात प्रसादाचा द्रोण घेऊन एकेका चित्रापुढे थांबत, एकच शब्द उच्चारत आणि पुढे सरकत. "हुबेहूब!" कलामांपुढे हुबेहूब, कुत्र्यापुढेही हुबेहूब. ओघाओघात एका काकूंनी शेवटी टांगलेल्या पाणीकपातीच्या नोटिशीलासुद्धा हुबेहूब म्हटलं आणि मग चष्मा लावला.

हा शब्द माझ्या डोक्यात जातो. माझं स्पष्ट मत आहे की माणसाच्या चित्राला हुबेहूब म्हणणं ही स्तुती नसून तक्रार आहे. येत्या वार्षिक सभेत माझं पार्किंग गेलं तरी हे मत बदलणार नाही.

"तुम्हाला चित्रकलेतलं काय कळतं हो?" असं तुम्ही विचाराल. विचारा. मी बी.कॉम. आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेत मला सी ग्रेड होती, कारण वस्तुचित्रातली माझी घागर लवंडण्याच्या बेतात होती. पण वीसएक वर्षं मी बँकेत बसून एकच काम करतो आहे: हे त्याच्यासारखं दिसतंय की नाही ते बघायचं. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुन्याची सही. साम्य या विषयावर बोलायचा अधिकार माझ्याइतका जे. जे. स्कूलच्या डीनलाही नसेल.

नवीन लागलो तेव्हा सही तपासायला शिकवणारे एक जुने साहेब होते. ते म्हणायचे, "सही थोडी वेगळी आली तर माणसाकडे बघ. पण दोन सह्या तंतोतंत, कानामात्रेसकट एकावर एक बसल्या, तर पोलिसांकडे बघ!" कारण जिवंत माणसाला स्वतःची सही दोनदा तशीच्या तशी करता येत नाही. एकदा घाई असते, एकदा पेन रुसलेलं असतं. तंतोतंत सही खालून दिवा लावून गिरवलेली असते. नोटेचंही तेच. रंगीत झेरॉक्स काढलेली पाचशेची नोट अगदी हुबेहूब असते, पण ती घेऊन काउंटरला आलात तर मी तुमचं अभिनंदन करणार नाही. खऱ्या नोटेवरचा गांधीजींचा चेहरा 1946 सालच्या एका फोटोवरून घेतलेला आहे, पण तो फोटो नव्हे. तो रेघारेघांनी कोरलेला आहे आणि त्यावरून बोट फिरवलं तर त्या रेघा बोटाला लागतात. कुणीतरी ठरवलं की इथे रेघ हवी आणि इथे नको. हे ठरवणं म्हणजे चित्र, असं माझ्या अल्पमतीला वाटतं.

आता आमच्या हुबेहूब मंडळींचं काम कसं चालतं बघा. मोबाईलवर फोटो उघडायचा. त्यावर चौकोन पाडायचे, कागदावर चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनातला ऐवज इकडून तिकडे ट्रान्सफर करायचा. (डेबिट-क्रेडिट बरोबर जमलं की ताळेबंद जुळला. आमच्यापेक्षा निराळं काय करतात?) मग सहा बी पेन्सिलीची पूड कापसाने घासघासून गाल इतका गुळगुळीत करायचा की माणूस नुकताच प्लास्टिकच्या पिशवीतून काढल्यासारखा दिसावा. वर कपाळावर घामाचे थेंब. "चाळीस तास लागले," असं अभिमानाने सांगतात. अहो, तोच फोटो मोबाईलमधल्या एखाद्या ॲपला दिला तर दोन सेकंदांत पेन्सिलीचं चित्र करून देतं. हुबेहूब हीच जर कला असेल तर तुमच्यापेक्षा तुमचा फोन मोठा कलावंत आहे आणि तुमचे चाळीस तास बुडीत खात्यात गेले.

यावर ठरलेला बचाव असतो: "तेंडुलकर काय आमच्या गॅलरीत येऊन बसणार आहे?" नाही बसणार. पण त्याच्या जुन्या मॅचेस अजून बघायला मिळतात ना? चेंडू खेळण्याआधी गुडघे वाकवून ती एक बैठक मारायचा, ती दहा वेळा बघा आणि मग काढा. आर. के. लक्ष्मण यांनी काढलेले पुढारी त्यांच्या फोटोंशी कुठे जुळत होते? ते माणसांशी जुळायचे. पुढाऱ्यांचं सोडा, लक्ष्मण यांनी जन्मभर कावळे काढले आणि ते कावळ्यांकडे बघून काढले. आमच्या पामेरियनवाल्याने कुत्रा समोर सोफ्यावर लोळत असताना चित्र काढलं ते मोबाईलमधून! "तो हलतो ना," म्हणाला. कुत्रा हलतो म्हणूनच तो कुत्रा आहे. न हलणाऱ्या कुत्र्याचं चित्र काढू नये, त्याला डॉक्टरकडे न्यावं.

फोटोशी माझं वैर नाही. केवायसीला फोटो लागतोच. पण आमच्या घरी जे झालं त्यानंतर मी या विषयावर थोडा तिखट बोलतो, ते समजून घ्या.

दहा वर्षांपूर्वी नाना, म्हणजे माझे वडील, गेले. वर्षश्राद्धाला त्यांचं मोठं चित्र लावायचं ठरलं. पण नानांचा फोटो मिळेना. लग्नामुंज्यांच्या सगळ्या फोटोंत ते पंक्तीत वाढत होते आणि कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ होती. अखेर पेन्शनच्या कागदांवरून सोडवलेला एक पासपोर्ट साइज फोटो सापडला. तो एका चित्रकाराकडे दिला. त्याने जीव ओतून काम केलं. इतकं की फोटोच्या कोपऱ्यात उमटलेला कचेरीच्या शिक्क्याचा अर्धा गोल त्याने नानांच्या डाव्या खांद्यावर कशिद्यासारखा उतरवला. आयुष्यभर पांढऱ्या हाफ शर्टात वावरलेले नाना भिंतीवर भरतकामासह विराजमान झाले. नातेवाईक आले आणि म्हणाले... काय म्हणाले ते लिहीत नाही.

आईने चित्र बराच वेळ बघितलं. "छान आहे," म्हणाली. रात्री आवराआवर करताना हळूच म्हणाली, "ते असे कधी बघायचे नाहीत रे कुणाकडे."

खरंच होतं. ती नजर नानांची नव्हती. 'हलू नका' असं सांगितलेल्या माणसाची होती. नाना चष्म्याच्या वरून बघायचे आणि एक भुवई वर चढायची. ती चढली की घरात रेडिओसुद्धा हळू व्हायचा. म्हटलं, आपणच काढू. चिरंजीवांच्या कंपासातली पेन्सिल घेतली, कागद घेतला, चष्मा काढला, आणि अडलो. कुठली भुवई? डावी की उजवी? 36 वर्षं या माणसासमोर बसून जेवलो आणि मला सांगता येईना. हजारो खातेदारांच्या सह्यांचे फाटे मला पाठ होते. आईला विचारलं. ती काही बोलली नाही, फक्त तिची डावी भुवई वर गेली. क्षणभर नाना आल्यासारखे वाटले.

त्यानंतर मी माणसं समोर बसवून काढायला लागलो. आधी सराव म्हणून मजल्यावरचा बोका घेतला. झोपलेला बोका स्थिर असतो ही अफवा आहे. एक कान काढून होतो न होतो तोच तो कूस बदलतो. महिन्याभरात माझ्याकडे 22 अर्धे बोके जमले, पण त्याचं अंग कसं वळतं ते हाताला कळलं.

मग आईला म्हटलं, "तुझं चित्र काढायचंय."

"माझं? आत्ताच? डॉक्टर काही म्हणाले का तुला?"

आपल्याकडे भिंतीवर माणूस कधी जातो हे तिला ठाऊक होतं, त्यात तिची काय चूक? मी तिला ड्यूररची गोष्ट सांगितली. आल्ब्रेख्त ड्यूरर हा जर्मनीतला मोठा चित्रकार. 1514 साली त्याने आपल्या 63 वर्षांच्या आईचं कोळशाने चित्र काढलं. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, डोळे दोन दिशांना. अठरा बाळंतपणं झालेली बाई! ते चित्र आज बर्लिनमध्ये आहे. त्या बाईला पाहिलेलं आज कुणीही हयात नाही, म्हणजे ताळा करायला आमच्या भाषेत स्पेसिमेनच नाही. तरी पाचशे वर्षं माणसं त्या चित्रापुढे थांबताहेत. चित्र काढल्यावर दोनच महिन्यांत ती वारली, हे मात्र मी आईला सांगितलं नाही.

"अठरा!" आई म्हणाली आणि घेवड्याचं ताट घेऊन समोर बसली.

मी पेन्सिलीने सुरुवात केली. अर्धा तास एखाद्या चेहऱ्याकडे बघायची तुम्हाला सवय आहे का? मला नव्हती. कानाची पाळी कुड्यांनी ओघळून फाटायला आली होती. हसताना ओठाचा एकच कोपरा वर जात होता. दुसऱ्या दिवशी तेलखडू घेतले. खडूंच्या पेटीत 'स्किन कलर' नावाची एक गुलाबी कांडी असते. त्या कातडीचा माणूस मी एकदाच पाहिला होता, गोव्याच्या किनाऱ्यावर, उन्हात भाजून निघालेला परदेशी पाहुणा. आईच्या चेहऱ्याला गेरू लागला, पिवळी माती लागली, डोळ्यांखाली जांभळा लागला, आणि हनुवटीखाली चक्क हिरवा.

आणि हाताशी आलो तेव्हा दिसलं की तिचा उजवा हात थरथरतो आहे. शिरा काढलेला घेवडा ताटात पडायच्या ऐवजी मधूनमधून मांडीवर पडत होता. ही थरथर काही त्या दिवशी सुरू झालेली नव्हती. त्याच्या आदल्या महिन्यात तिच्या फॅमिली पेन्शनच्या स्लिपवरची सही जुळेना, तेव्हा काउंटरच्या आतून मीच खेकसलो होतो, "आई, सही नीट कर गं जरा!" मागे रांग होती. तिने पुन्हा केली होती, मग तिसऱ्यांदा केली होती.

हाताची रेघ मी तीनदा पुसली. नंतर जशी आली तशी राहू दिली.

चित्र पुरं झालं. आमच्या सौ.नी पाहिलं आणि "मुळीच हुबेहूब नाही" असा निकाल दिला. चिरंजीवांनी कान मोठा झालाय म्हणून सांगितलं. तो झालाच आहे. माझ्या घागरींचा तोल अजून पुरता गेलेला नाही.

आईने कागद खिडकीपाशी नेला. चष्मा कपाळावर चढवला. "नाक माझ्या आईचं काढलंयस," म्हणाली. माझ्या आजीचा घरात एकही फोटो नाही आणि मी तिला कधी पाहिलेलं नाही.

कागद परत देताना ती म्हणाली, "उद्या सोलायला मटार आणते, तेव्हा पुन्हा काढ. आणि इतक्यात खिळा ठोकू नकोस हं."