घसारा संपला, संगणक तसाच

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. त्या दिवशी कुठलाही संगणक बंद पडला नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी पतसंस्था आणि सहकारी बँकांचे शटर नेहमीच्या वेळेला वर गेले, पासबुके छापली गेली, संध्याकाळी कॅश जुळली. संचालक मंडळाला काही बिघडल्याचे जाणवायचे कारणच नव्हते. मात्र त्या तारखेनंतर या प्रणालीत जे छिद्र सापडेल, ते संस्थांसाठी पैसे मोजल्याशिवाय बुजणार नाही. चोरांना हे ठाऊक आहे. ज्यांच्या तिजोरीला ते छिद्र आहे, त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, हा खरा प्रश्न आहे.

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही पतसंस्थेत काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून पाहा. धुळीने करडा झालेला सीपीयू, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पासवर्ड, शेजारी खरखरणारा पासबुक प्रिंटर. हा संगणक बदला म्हटले की एएमसीवाला सांगतो, प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालणार नाही. सॉफ्टवेअरवाला सांगतो, नवे व्हर्जन घ्यावे लागेल, त्याचे पैसे वेगळे. मग व्यवस्थापक म्हणतो, ‘चालतोय तोवर चालू द्या.’ त्याला दोष देऊन उपयोग नाही. पंधरा हजारांवरच्या खर्चाला सही करायचा अधिकार त्याच्याकडे नसेल, तर तो दुसरे काय म्हणणार?

हिशेबाच्या वहीत या संगणकाचे आयुष्य केव्हाच संपलेले असते. सहकारी बँका संगणकावर वर्षाला ३३.३३ टक्के घसारा धरतात, म्हणजे तीन वर्षांत त्याची किंमत शून्यावर येते. टेबलावर तो आणखी सात-आठ वर्षे राबतो. घसारा दरवर्षी नफ्यातून वजा झाला, पण नवी यंत्रे घेण्यासाठी ती रक्कम कोणी बाजूला काढून ठेवली नाही. आता एकदम सगळे बिल समोर आले, म्हणून ओरड आहे.

बिल आहे मोठेच. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६ साली घेतलेल्या यंत्रावर ते अधिकृतपणे बसतच नाही. जुन्याच यंत्रावर पैसे भरून अपडेट घ्यायचे, तर संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा जाहीर दर संगणकामागे ६१ डॉलर आहे आणि तो दरवर्षी दुप्पट होतो. तीन वर्षांचे होतात ४२७ डॉलर, एवढ्यात साधा नवा संगणक येतो. उशिरा जागे झालात तर मागच्या वर्षांचेही भरावे लागतात.

तरीही न बदलण्याची किंमत याहून जास्त असते. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने (रॅन्समवेअर) ज्या छिद्रातून शिरकाव केला, ते बुजवणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी आले होते. हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते टाकले नाही आणि ज्यांच्या प्रणालीचा आधारच संपला होता, ते सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९ हजार रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, नुकसानीचा अंदाज ९.२ कोटी पौंडांवर गेला. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या एकाच पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सुमारे तीनशे छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडकले. त्यात बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. तिथे वाट जुन्या विंडोजची होती, असे आमचे म्हणणे नाही. पण हल्लेखोर छोट्यांना सोडत नाहीत, एवढे त्यातून कळायला हरकत नाही.

नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, ३१ डिसेंबर २०१९ रोजी ती चार स्तरांत वाढवली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत येत नाहीत आणि त्यांच्या ठेवींना पाच लाखांच्या विम्याचे कवचही नाही. म्हणजे जिथे ठेवीदार सर्वांत उघडा आहे, तिथेच यंत्रे सर्वांत जुनी.

याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे. नियम पाळायचा खर्च गुपचूप खाली ढकलला जातो. पिग्मी एजंट दारोदार फिरून ठेवी गोळा करतो तो स्वतःच्या मोबाइलवर. ॲप नव्या अँड्रॉइडशिवाय चालत नाही म्हटले की फोन त्याने घ्यायचा, हप्ते त्याच्याच कमिशनमधून. घरून काम करणाऱ्या लिपिकाला सांगितले जाते, ‘लॅपटॉप अपडेट करून घ्या, नाहीतर लॉगिन बंद होईल.’ सुरक्षा संस्थेची, ठेवी संस्थेच्या, आणि भुर्दंड मात्र सर्वांत कमी मिळवणाऱ्याला! कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातले कलम २८०२ कामासाठी झालेला आवश्यक खर्च मालकावर टाकते. आपल्याकडे त्यासाठी कायद्याची वाट कशाला पाहायची? संचालक मंडळाचा एक ठराव पुरेसा आहे. आणि खिशातून खर्च करायला लावलेला माणूस काय करतो, तेही लक्षात घ्या: तो स्वस्तातला जुना फोन घेतो किंवा कुणाकडून तरी फुकटात चोरीचे विंडोज टाकून घेतो. नियम कागदावर पाळला जातो आणि छिद्र तसेच राहते.

आता करायचे ते तातडीने. प्रत्येक संस्थेने डेडस्टॉक रजिस्टर उघडून कोणत्या यंत्राचे अपडेट थांबले आहे, याची यादी या महिन्यातच करावी. जी यंत्रे लगेच बदलता येणार नाहीत, ती इंटरनेटपासून तोडावीत. जिल्हा फेडरेशनांनी एकत्र खरेदी करावी. पाचशे संगणकांचा भाव पाच संगणकांना मिळत नाही. सहकार खात्याने लेखापरीक्षकाला आधार संपलेल्या यंत्रांची संख्या अहवालात लिहिणे बंधनकारक करावे. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत लाभांशाचा टक्का ठरण्याआधी ती संख्या सभासदांना वाचून दाखवली जावी, आणि एजंटांच्या फोनचा खर्च कोणत्या खात्यावर पडला, हेही त्याच वेळी सांगितले जावे.