शेजारच्या सीटवरची अमानत

काशिमीऱ्याहून ठाण्याकडे निघाले की गायमुखच्या घाटात बऱ्याच गाड्यांमध्ये एकच संवाद ऐकू येतो. “पुढे ट्रक आहे, जरा सावकाश.” “तू गप्प बस, मला दिसतंय.” सांगणारी बहुधा अम्मी, झिडकारणारे अब्बू!

मोटार रॅलीत मात्र शेजारचा माणूस गप्प बसून चालतच नाही. त्याला को-ड्रायव्हर म्हणतात. केरळातील कासरगोडचे मूसा शरीफ यांनी वर्षानुवर्षे हेच काम केले आणि गौरव गिल यांच्यासोबत राष्ट्रीय विजेतेपदेही मिळवली.

स्पर्धेआधी दोघे कमी वेगाने मार्ग पाहून घेतात. चालक सांगतो, को-ड्रायव्हर वहीत टिपतो: वळण डावे की उजवे, किती तीव्र, पुढचे किती मीटरवर, दगड कुठे. प्रत्यक्ष स्पर्धेत वळण दिसण्याआधीच तो हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरून हे वाचून दाखवतो. अंतर मोजायला ट्रिपमीटर, शिवाय घड्याळ आणि वेळेचे कार्ड; नोंदीच्या ठिकाणी ठरल्या वेळेआधी हजेरी लावली तरी दंड! गाडी अडकली तर रस्त्यावर त्रिकोण ठेवून मागच्यांना ‘ओके’ किंवा ‘एसओएस’चा फलक दाखवायचा. ‘एसओएस’ दिसला की मागच्या स्पर्धकाने शर्यत सोडून मदतीला थांबायचे, असा नियमच आहे.

एवढी तयारी असूनही सप्टेंबर 2019 मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात, रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातील तिघे दगावले. गाडीत हीच नामवंत जोडी होती. वहीत वळण लिहिता येते, दगड लिहिता येतो. अचानक समोर येणारा माणूस लिहिता येत नाही.

मग आपल्या मीरा-भाईंदरचे रस्ते तर कधीच बंद नसतात. रमजानच्या रात्री सहरीपूर्वी आपली काही मुले इथे बाईक पळवतात. हेल्मेट नाही, वही नाही, आणि मागे बसलेला दोस्त ओरडतो, “और भगा!”

ज्याच्याकडे मशवरा मागावा तो अमानतदार असतो, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. मग मागच्या सीटवरची अमानतही शिकवूया. “हळू चालव, नाहीतर मला इथेच उतरव,” असे म्हणणारा दोस्तच खरा दोस्त. आणि अब्बूंनो, मुलांनी हे ऐकावे असे वाटत असेल, तर घाटात अम्मीचे आधी आपण ऐकूया.